आपल्याच गावात इतिहास शोधत फिरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी रविवारी सकाळी पुण्याच्या पेठांमधून पायी फिरतो आणि दिसलेलं काहीबाही लिहून ठेवतो, फोटो टाकतो. मग मेसेज येतात, आणि दहातले आठ प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत कारण मला तेच गाव माहितीये, पण बघायची पद्धत कुठेही चालेल.

१. माझा इतिहासाचा काहीच अभ्यास नाही. सुरुवात कुठून करू?

घराच्या दारातून. खरंच. पहिल्या दिवशी सिंहगड नको आणि शनिवारवाडाही नको, तिथलं तुम्हाला शाळेपासून माहितीये (पायाभरणी १० जानेवारी १७३०, आग २७ फेब्रुवारी १८२८, संपलं). रोज दूध आणायला जाता ना, त्याच रस्त्यावरच्या पाच नावांची यादी करा. चौक, बोळ, देऊळ, बसस्टॉप, जुनी इमारत. प्रत्येकासमोर लिहा की हे नाव का पडलं असेल. पाचातली तीन उत्तरं येणार नाहीत, तिथून सुरुवात झाली म्हणायची.

मी याच प्रकाराने सुरुवात केली आणि पहिलंच नाव होतं पेरूगेट. तिथे पेरू नाही आणि गेटही नाही. पूर्वी तिथे पेरूची बाग होती आणि तिचं हे फाटक, एवढीच गोष्ट. पण मग लक्षात येतं की तुळशीबाग, बेलबाग, विश्रामबाग, चिमणबाग, हिराबाग, सारसबाग ही सगळी नावं नकाशावर टाकली तर आज जिथे पार्किंगला जागा मिळत नाही तिथे एकेकाळी किती झाडी असेल.

२. कधी निघायचं, किती चालायचं, सोबत काय घ्यायचं?

सकाळी साडेसहा ते नऊ. दुकानांची शटर बंद असतात त्यामुळे इमारतीचं तोंड दिसतं, ट्रॅफिक नसतं, आणि ऊन तिरकं असतं (त्याचा फायदा प्रश्न ८ मध्ये सांगितलाय). दोन किलोमीटरच्या वर जाऊ नका, एका वेळी एक पेठ पुरे. वही, पेन, पाण्याची बाटली, बॅटरी, चार्ज केलेला फोन. आणि मान वर ठेवून चाला, कारण तळमजला सगळीकडे बदललेला असतो, साड्यांचं दुकान, मोबाईलचं दुकान, पण पहिल्या मजल्यावरची लाकडी महिरप, गॅलरीचा कठडा, भिंतीतला कोनाडा हे तसंच राहिलेलं असतं. फक्त मान वर करून चालताना पुण्यात खाली खड्डा असतो हेही लक्षात ठेवा.

३. मी नवीन वस्तीत राहतो, सगळ्या सोसायट्याच आहेत. इथे काय इतिहास असणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या लोकांचं पुनर्वसन जिथे झालं ते गोखलेनगर, सहकारनगर वगैरे. म्हणजे ज्या वसाहतीला तुम्ही 'काही नाही' म्हणताय तिथल्या एखाद्या आजींना विचारा की मूळच्या कुठल्या, आणि उत्तर 'नारायण पेठ' आलं तर पुढचा एक तास मोकळा ठेवा.

सोसायटीचं नाव, त्याखालचा रजिस्ट्रेशनचा नंबर आणि साल, कोपऱ्यावरचा म्हसोबा जो बिल्डरला हलवता आला नाही म्हणून कंपाउंड वॉल त्याला वळसा घालून जाते, सरळ रस्ता मध्येच विनाकारण वाकडा होतो तिथे पूर्वी असलेला ओढा किंवा शेताचा बांध. आंबील ओढा हे तर ठळक उदाहरण, नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याने काठावरच्या सोसायट्यांत शिरून आपण अजून आहोत हे दाखवून दिलं.

४. पेठांना वारांची नावं का? आणि त्याआधी काय नावं होती?

आठवड्याचे सातही वार पुण्यात पेठांच्या रूपात आहेत, आणि बहुतेक नावं पेशवाईत रुळली. पण पेठा त्याहून जुन्या, म्हणून जुनी नावं निघतात. शनिवार पेठ म्हणजे मुर्तझाबाद, सोमवार पेठ म्हणजे शहापूर, रविवार पेठ म्हणजे मलकापूर, शुक्रवारचं विसापूर, गुरुवारचं वेताळ पेठ. बुधवार पेठेचं नाव औरंगजेबाच्या काळात मुहियाबाद होतं. सदाशिव पेठेच्या जागी नायगाव नावाचं खेडं होतं, मग सदाशिवरावभाऊंच्या नावाने पेठ झाली. भवानी पेठेला बोरवन म्हणायचे. सदाशिव पेठेचा ज्यांना फार अभिमान असतो त्यांना मी नायगावकर म्हणतो, आवडत नाही त्यांना.

कसबा मात्र या सगळ्यांच्या आधीचा. राष्ट्रकूटांच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या भागाचा उल्लेख पुण्य विषय, पुनक विषय असा येतो, 'विषय' म्हणजे त्या काळचा जिल्हा समजा. कसब्यात चालताना एक करून बघा, शनिवारवाड्याकडून आत शिरा आणि पायाला चढ लागतो का बघा. लागतो. जुनं गाव उंचवट्यावर असतं कारण शेकडो वर्षं घरं पडतात, त्याच मातीवर नवी उभी राहतात. गावाकडे याला पांढरी म्हणतात. पुण्याची पांढरी ही आहे आणि आपण तिच्यावरून स्कूटर दामटतो.

चौकांच्या नावांचं थोडं वेगळं असतं. अप्पा बळवंत चौकाला आता नुसतं एबीसी म्हणतात, आणि पुस्तकं घ्यायला आलेल्या एका मुलाने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं की इथे एबीसीडीची पुस्तकं मिळतात म्हणून का? अप्पा बळवंत म्हणजे सरदार मेहेंदळे, पानिपतच्या मोहिमेत मारल्या गेलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांचे चिरंजीव, त्यांचा वाडा इथे होता. लकडी पुलाचं तसंच, पानिपतानंतर १७६१ मध्ये लाकडी पूल झाला म्हणून लकडी पूल. पुढे दगडी झाला, अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल झालं, तरी रिक्षावाल्याला लकडी पूलच कळतं.

५. पुण्यात देवांची नावं अशी विचित्र का? जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा…

कारण पत्ता सांगायला सोयीचं. पुण्यात मारुती इतके की नुसतं 'मारुतीपाशी भेटू' म्हटलं तर दोघं आयुष्यभर भेटणार नाहीत. मग जवळ काय विकलं जातं त्यावरून नाव. पासोड्या (जाड चादरी) विकणारे जिथे बसायचे तो पासोड्या विठोबा. शनिवारवाड्यासमोर भाजीबाजार भरायचा, तिथला बटाट्या मारुती. तो बाजार १८८६ मध्ये नव्या मंडईत गेला, मारुती बटाट्याचं नाव घेऊन तिथेच थांबला. (मंडईचं मूळ नाव गव्हर्नरवरून रे मार्केट. नगरपालिकेत असताना ज्योतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता आणि आज तिचं नाव महात्मा फुले मंडई आहे. हे मी प्रत्येक वेळी सांगतो, मला सांगायला आवडतं.)

काही नावं जागेवरून, निवडुंगाच्या रानात सापडला तो निवडुंग्या विठोबा. काही घटनेवरून, सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर, १७९७ च्या सुमारास मूर्तीवरून झटापट झाली, माणसं मेली, आणि नाव बिचाऱ्या देवाला चिकटलं.

नावामागची गोष्ट एकाच माणसाकडून ऐकून पोस्ट टाकू नका, पुजाऱ्याची एक असते आणि समोरच्या फुलवाल्याची दुसरी. दोन्ही लिहून ठेवा आणि कोणी सांगितलं तेही लिहा.

६. शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार आहे म्हणतात, खरं का?

प्रत्येक गावात हे भुयार असतं. नेहमी वाड्यापासून किल्ल्यापर्यंत असतं, घोडेस्वार जाईल एवढं रुंद असतं, आणि 'आमच्या आजोबांनी बघितलेलं, आता बुजवलं' असं असतं.

पण पुण्यात या गोष्टीच्या खाली खरोखर काहीतरी आहे आणि ते भुयारापेक्षा भारी आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी बांधीव नळ आणला, सात-आठ किलोमीटर, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर पाणी. काही ठिकाणी तो माणूस चालत जाईल एवढा उंच आहे. ठराविक अंतरावर वर निघालेले दगडी मनोरे, त्यांना उच्छ्वास म्हणतात, हवा कोंडू नये आणि गाळ काढायला उतरता यावं म्हणून. शहरात आलं की हे पाणी हौदांत पडायचं. शनिवारवाड्यातली कारंजी याच पाण्यावर, आणि काळा हौद, नाना हौद, सदाशिव पेठेतला हौद हे लोकांसाठी. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जमिनीखाली असाच जुना पाण्याचा मार्ग लागला, तेव्हा दोन दिवस सगळीकडे 'भुयार सापडलं' अशाच बातम्या होत्या.

म्हणजे आजोबांनी काहीतरी बघितलं होतं हे खरं, फक्त त्यातून घोडेस्वार जात नव्हते, पाणी जात होतं. तुमच्या गावात भुयाराची गोष्ट असेल तर आधी जुना तलाव कुठे होता ते शोधा. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, बुऱ्हाणपूर, तिन्हीकडे जुन्या काळचे जमिनीखालचे पाण्याचे नळ आहेत.

हौदांचा अजून एक धागा आहे. पाणी कोणाला भरू द्यायचं हा प्रश्न या हौदांवरच उभा राहायचा. गंज पेठेत (आता महात्मा फुले पेठ) फुल्यांच्या वाड्यात जा, १८६८ मध्ये त्यांनी घराचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. आणि फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद, डॉ. विश्राम घोले यांनी लहानपणी गेलेल्या मुलीच्या, काशीच्या, आठवणीसाठी बांधला आणि सगळ्यांसाठी ठेवला. त्या चौकातून रोज हजारो लोक जातात, सिग्नल सुटायची वाट बघत उभे असतात, दोन पावलांवर काय होतं ते विचारलं तर दहातल्या एकालाही सांगता येत नाही. मलाही तिथे पंधरा वर्षं जाऊन येऊन माहिती नव्हतं.

७. एखादा वाडा किती जुना आहे हे नुसतं बघून कळतं का?

अंदाज येतो, खात्री नाही. मी काय बघतो ते सांगतो. विटा पातळ, चपट्या आणि चुन्यात बसवलेल्या असतील तर काम जुनं. लाकडी खांब सुरूच्या झाडासारखा, खाली फुगीर वर निमुळता, वर केळफूल कोरलेलं, तर पेशवाईची घडण. छताला कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या) असेल तर बघून घ्या, आता कमी राहिलेत. लोखंडी खांब, नक्षीचा ओतीव कठडा, गर्डर दिसले तर बहुतेक १८६३ नंतरचं, तेव्हा बोरघाटातून मुंबईची रेल्वे सुरू झाली आणि विलायती लोखंड इथवर येणं सोपं झालं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना मंगळूरला १८६५ मध्ये निघाला, म्हणजे तशी कौलं असलेलं छप्पर त्याच्या आधीचं असूच शकत नाही, पण छप्पर बदलता येतं हो! खालचा वाडा शंभर वर्षं आधीचा असू शकतो.

आता माझी फजिती. नारायण पेठेत नदीच्या बाजूला एका भिंतीसमोर मी सात-आठ जणांना थांबवलं आणि सुरू झालो, बघा घडीव दगड, बघा सांधा, अस्सल पेशवाई. वरच्या गॅलरीत बनियनवर दात घासत एक आजोबा ऐकत होते. त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, "अहो, ती भिंत आमच्या वडिलांनी घातलीये. एकसष्टच्या पुरात वाडा बसला, त्याचेच दगड गोळा करून. दगड जुने आहेत, भिंत नाही." सगळे हसले, मी पण हसलो, दुसरं काय करणार. मग त्यांनीच पाणी कुठपर्यंत आलं होतं ते हात वर करून दाखवलं, पहिल्या मजल्याच्या कठड्यापाशी. चहाचं विचारलं नाही, पण त्या दिवशी मला जे मिळालं ते चहापेक्षा जास्त होतं. तेव्हापासून मी 'दगड' आणि 'भिंत' अशा दोन ओळी वेगळ्या लिहितो.

८. दगडावर अक्षरं दिसली पण वाचता येत नाहीत. काय करू?

आधी काय करू नका ते. खडूने अक्षरं भरू नका, तेल, चुना, पीठ, रंग काही लावू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. देवळातल्या लेखावर शेंदूर असेल तर खरवडू नका, तो लोकांचा देव आहे.

फोटो काढा, पण समोरून फ्लॅश मारून नाही, त्यात सगळं सपाट येतं. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं पडतं तेव्हा काढा. सावलीत असेल तर बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून एका बाजूने धरा, अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि कोरा वाटणारा दगड बोलायला लागतो. पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा मी चक्क ओरडलो होतो. डावीकडून, उजवीकडून, वरून असे वेगवेगळे फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवा, आणि जागेचा एक लांबून फोटो, नाहीतर सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही कुठला होता.

दगडावर बहुतेक वेळा देवनागरी असते, मोडी जास्त करून कागदावर. फारसीही असते. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला संस्कृत आणि फारसी दोन्ही लेख एकाच देवळात आहेत.

हे देऊळ मी प्रत्येकाला बघायला सांगतो म्हणून इथेच सांगतो. नागझरी ओढ्याच्या काठाला, बोळात, बाहेरून कळतही नाही. १७५४ मध्ये काम सुरू होऊन १७७० मध्ये प्रतिष्ठापना झाली, गोसावी मंडळींनी बांधलेलं. आतला गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला. पण आत जायच्या आधी दर्शनी भिंतीसमोर पाच मिनिटं थांबा. द्वारपाल, हत्ती, पोपट सगळं ठासून कोरलंय, आणि त्यातच एका पट्टीत साखळदंडाने बांधलेला गेंडा आहे आणि त्याला बांधणारा माणूस टोपीवाला, म्हणजे इंग्रज शिपाई. पुण्यात गेंडा कुठून आला? तो बंगाल-आसामचा प्राणी. प्लासीची लढाई १७५७ ची, देऊळ पुरं व्हायच्या तेरा वर्षं आधीची, त्यामुळे इंग्रजांनी बंगाल गिळला त्याचं हे चित्र असं बरेच अभ्यासक मानतात. पेशवाई ऐन भरात असताना कोणा पाथरवटाने हे दारावर कोरून ठेवलं आणि लोक रोज त्याच्याखालून दर्शनाला जात राहिले.

९. 'शके' लिहिलेलं असेल तर इसवी सन कसा काढायचा?

७८ मिळवा. शके १७१९ म्हणजे १७९७. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे महिना माघ-फाल्गुन असेल (पौष असेल तर तिथी बघून) ७९ मिळवा. 'राज्याभिषेक शक' असेल तर १६७३ मिळवायचे. पेशवाईच्या कागदांत शुहूर सन येतो, त्यात ५९९ किंवा ६००, आणि फसलीत ५९०. हिजरीला असा सरळ आकडा नाही, चांद्र वर्ष लहान असतं, त्याला कोष्टकच लागतं.

शकासोबत संवत्सराचं नाव असेल तर ते ताडून बघा. साठ नावं आहेत आणि दर साठ वर्षांनी फिरून तीच येतात. शक आणि संवत्सर जुळत नसेल तर एक तर तुमची वाचण्यात चूक आहे, नाहीतर लेख नंतर कोणीतरी 'जुना' करून कोरलाय. दुसरं वाटतं तितकं दुर्मिळ नाही.

१०. आमचं लहान गाव आहे, वाडे नाहीत, ताम्रपट नाहीत. काय बघू?

मारुतीच्या देवळामागे जा, पाराखाली बघा, वेशीपाशी बघा. अर्धवट गाडलेले, शेंदूर लागलेले, कोणी त्यावर कपडे धुतंय असे कोरीव दगड हमखास असतात. वीरगळ (लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड) असेल तर कप्पे दिसतात, ते खालून वर वाचायचे: तळाला लढाई किंवा मरून पडलेला वीर, मधे अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, टोकाला कलश. खालच्या कप्प्यात गाई असतील तर तो गाई पळवणाऱ्यांशी लढताना गेला. सतीशिळेवर कोपरात वाकलेला हात असतो, बांगड्यांसकट. आणि गधेगाळ, वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली गाढवाचं अश्लील चित्र. लोक लाजून तो पालथा घालतात. खरं तर तो दानपत्राचा दगड आहे, चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालेल आणि जो मोडेल त्याला ही शिवी, असा सरळ हिशोब. म्हणजे गावातला सगळ्यात लाजिरवाणा दगड हाच बऱ्याचदा गावातला सगळ्यात जुना सरकारी कागद असतो.

११. गावातलं देऊळ हेमाडपंती आहे, म्हणजे यादवकालीन ना?

काळ्या दगडाचं दिसलं की हेमाडपंती म्हणायची आपल्याकडे सवय आहे. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री, आणि चुना न वापरता दगडात दगड अडकवून बांधायची पद्धत त्याच्या आधीपासून होती. तेव्हा आधी सांध्यात चुना आहे का बघा. असेल तर दुरुस्ती तरी झालीये किंवा देऊळ नंतरचं आहे.

१२. अनोळखी लोकांशी बोलायचं कसं? आणि वाड्यात शिरलं तर चालतं का?

'इथला इतिहास काय?' असं विचारलं की माणूस शिवाजी महाराजांपासून सुरू करतो किंवा 'काही नाही हो' म्हणतो. त्याऐवजी साधं विचारा, पूर्वी पाणी कुठून भरायचात? हे दुकान आधी कशाचं होतं? पुरात कुठे गेला होतात? काका-काकू, आजी-आजोबा म्हणा आणि मधे बोलू नका.

कसब्यातल्या तांबट आळीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा मिनिटं नुसता उभा होतो, कारण बोलून उपयोग नव्हता, ठोक्यांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. एकाने हातोडी थांबवून खूण केली, बसा. मग त्याने तांब्याचा हंडा मांडीशी धरून फिरवत फिरवत दाखवलं की ठोका कसा एकाला एक लागून पडतो, त्याला मठारकाम म्हणतात, त्याने भांडं घट्ट होतं आणि वर ती चमचमणारी खवलं उमटतात. बघत नव्हता तो, कानाने ऐकून ठोके देत होता. हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही.

वाड्यात मात्र विचारल्याशिवाय शिरू नका. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणजे आमंत्रण नाही, आत लोक राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात. पुणेरी पाट्यांवर हसू येतं, पण 'येथे फोटो काढू नये' असं लिहिलंय तर ते गंभीरपणे लिहिलेलं आहे. भाडेकरू-मालक वाद बऱ्याच वाड्यांत असतात, कॅमेरा बघितला की दोन्हीकडच्यांना वाटतं तुम्ही समोरच्याने पाठवलेले आहात.

१३. घरी आल्यावर खरं-खोटं तपासायचं कुठे?

मुंबई इलाख्याचं जुनं गॅझेटिअर, पुण्याचे तीन भाग आहेत, १८८५ चे, इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पेठ, हौद, देऊळ, घरांची संख्या असं सगळं आहे, पण लिहिणारा इंग्रज सरकारचा माणूस हे विसरू नका. मग भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासूनचं, आणि पेशवे दफ्तर म्हणजे आताचं पुराभिलेखागार. तिथे जायचं तर मोडी शिकून जा, सुट्टीत कोर्स असतात, वाटतं तेवढं अवघड नाही. जुन्या वाचनालयांतले स्मृतिग्रंथ, शाळांचे शताब्दी अंक, जातीच्या आणि घराण्यांच्या कुलवृत्तांतांतही खूप मिळतं, फक्त कुलवृत्तांतात प्रत्येक पूर्वज शूर असतो ते सोडून द्यायचं.

सगळ्यात कमी वापरलं जाणारं साधन म्हणजे नगर भूमापनची मिळकत पत्रिका आणि गावाकडे सातबारा, जुने फेरफार. कोणाची जागा, कधी कोणाकडे गेली, देवाची इनाम जमीन कुठली, सगळं तिथे कोरडेपणाने लिहिलेलं असतं.

१४. फलकावर एक लिहिलंय आणि लोक दुसरंच सांगतात. कोणाचं धरायचं?

फलकही माणसांनीच लावलेला असतो, कधी नगरसेवकाच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री. फलक कोणी, कधी लावला ते बघा. आजचा लाल महाल बघून 'महाराज या जिन्यावरून गेले' म्हणणारे भेटतात, पण ही इमारत १९८० च्या दशकातली आहे, मूळ महाल केव्हाच गेला. जागेचं महत्त्व खरं, भिंत नवी (प्रश्न ७ मधले आजोबा आठवा).

दोन समाजांचा दावा असलेल्या जागेवर मी गटाला घेऊन जात नाही, एकटा जातो, बघतो, वाचतो. तिथे उभं राहून निकाल द्यायची हौस असेल तर हा छंद तुमच्यासाठी नाही.

१५. चालताना नाणं सापडलं / शेतात मूर्ती निघाली. ठेवू का?

नाही. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असा १८७८ चा कायदा आहे आणि तो अजून लागू आहे. शंभर वर्षांच्या वरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. व्यवहारात सांगतो, जागचा फोटो काढा, वस्तू हलवू नका, हलवावीच लागली तर नेमकी कुठे किती खोल होती ते लिहा, तलाठी किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवरून उचललेलं नाणं नुसतं नाणं राहतं, तिथे कोण राहत होतं हे सांगायची त्याची ताकद गेलेली असते. बाजारात घेतलेलं शिवराई नाणं वेगळी गोष्ट, आणि त्यातली कितीतरी नकली असतात.

१६. मी महाराष्ट्राबाहेर राहतो. तिथे आपलं काही सापडेल का?

आधी त्या गावाचं जे आहे ते बघा, सगळीकडे मराठी झेंडा शोधू नका. पण सापडतं हेही खरं. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलाय, सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला, एवढा लांब मराठी लेख आपल्याकडेही बघायला मिळत नाही. बडोद्यात, इंदूरला, ग्वाल्हेरला वाड्यांची आणि गल्ल्यांची नावं वाचत फिरलात तरी एक रविवार जातो.

१७. आमच्या गल्लीतला वाडा पाडतायत. काय करता येईल?

संरक्षित स्मारक असेल तर कायदा आहे, केंद्राच्या यादीतल्या स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. महापालिकेच्या हेरिटेज यादीत असेल तर तक्रार करता येते. पण बहुतेक वाडे कुठल्याच यादीत नसतात, छप्पर गळतं, सतरा वारस असतात, आणि पाडणाऱ्यांना दोष देणं आपल्याला सोपं आहे कारण पावसाळ्यात तिथे आपल्याला झोपायचं नसतं.

भिडे वाडा, जिथे १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तो आधीच इतका मोडकळीला आला होता की डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी करताना रात्रीतून उतरवला. त्याच्या आतले नीट मापं घेतलेले फोटो किती जणांकडे आहेत? माझ्याकडे बाहेरचे दोन आहेत, एकात तर मधे रिक्षा आलीये.

म्हणून नोटीस दिसली की त्याच आठवड्यात मालकांना भेटा, परवानगी मागा, बहुतेक देतात, त्यांनाही वाईट वाटतच असतं. प्रत्येक खोलीचे चार कोपऱ्यांतून फोटो, जिना, देवघर, विहीर, कडीपाट, दरवाजाची कडी. टेपने चौकाची लांबी-रुंदी. दोन विटांची मापं. राहणाऱ्यांना मोबाईलवर बोलतं करा, कोण कुठे झोपायचं, गणपती कुठे बसायचा, भाडं किती होतं. एक प्रत त्यांना द्या, एक जवळच्या वाचनालयात पेन ड्राइव्हवर, वर तारीख आणि घर नंबर लिहून. आणि हे सगळं जेसीबी यायच्या आधीच्या रविवारी करा, त्याच दिवशी सकाळी गेलात तर आत सोडत नाहीत, मला सोडलं नव्हतं.